मधोमध सोफा

शनिवारी दुपारी ठाण्यात तलावपाळीवरून जाताना गडकरी रंगायतनच्या आवारात टेम्पो उभा दिसला, की त्यातून काय काय उतरतंय ते बघत थांबावं. आधी फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती उतरतात, मग लेव्हल, म्हणजे चौथरे, आणि पायऱ्या, मग कपडेपटाच्या ट्रंका. सगळ्यात शेवटी, पार केबिनच्या पाठीला टेकलेला सोफा. तो चढतो पहिला आणि उतरतो शेवटी, कारण भिंती उभ्या राहिल्याशिवाय बैठक मांडता येत नाही आणि प्रयोग संपल्यावर बैठक हलवल्याशिवाय भिंती पाडता येत नाहीत. हा सोफा दिसला की नाटक निम्मं कळतं.

यंदाचा हंगाम कसा आहे असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोफ्यापासून सुरू होतं. पडदा उघडतो, दिवाणखाना. मधोमध तिघांचा सोफा, दोन अंगांना एकेक खुर्ची, पुढे टीपॉय. आपल्या डाव्या हाताला मुख्य दार, उजवीकडे स्वयंपाकघराची वाट, मागे चार-पाच पायऱ्या चढून बेडरूम. भिंतीवर कुणालाच न कळणारं चित्र. घर घोडबंदर रोडला असो, नेरूळला असो की लंडनला, सोफा तोच; अभ्रे तेवढे बदलतात. पाहुणा डावीकडून येतो, रुसलेली बायको उजवीकडे जाते आणि पायऱ्यांवर जो थबकतो त्याच्याकडे गुपित असतं. कौटुंबिक विनोदी नाटक असेल तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी सोफ्याच्या पाठीवरून पलीकडे उडी मारतं. टाळ्या.

सोफ्याची बाजूही मांडायला हवी, कारण तो उगाच तिथे बसलेला नाही. घरातला सोफा टीव्हीकडे तोंड करून असतो, रंगमंचावरचा आपल्याकडे. तिघं बसले तरी तिघांचे चेहरे समोर, कुणाची पाठ नाही. हेच डायनिंग टेबल मांडलं तर प्रेक्षकांच्या बाजूची खुर्ची रिकामी ठेवावी लागते, आणि कुठलंही कुटुंब टेबलाच्या तीनच बाजूंनी जेवत नाही. सोफ्याच्या मागे उभं राहून बोलता येतं, हातावर टेकता येतं, पाठीला हात लावून फेऱ्या मारता येतात. दिग्दर्शकाला हालचाल सुचली नाही की पात्र सोफ्याला एक प्रदक्षिणा घालून येतं. टीपॉयवरच्या फुलदाणीत माइक लपवायची जुनी सोय आहेच.

मात्र रंगमंचावरचा सोफा दुकानातून आणून तसाच ठेवता येत नाही. मऊ सोफ्यात नट रुतला की गुडघे वर, कंबर खाली आणि पोट दाबलेलं. श्वास पुरत नाही आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. उठताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो, तेवढ्यात हशा निघून जातो. म्हणून जाणता माणूस गादीखाली फळी घालतो आणि बैठक जमिनीपासून अठरा इंचांच्या आसपास ठेवतो. पुढच्या रांगेत बसलात तर बघा: ज्या सोफ्यावर बसताना ठक्क आवाज येतो तिथे काम विचारपूर्वक झालेलं असतं. जिथे नट हळूच बुडतो तिथे निर्मात्याने मेहुण्याच्या घरचा सोफा आणलेला असतो.

आता ज्यांच्या नावांच्या नाट्यगृहांत आपण हे बघतो त्या मंडळींकडे बघा. वाशीचं नाट्यगृह विष्णुदास भाव्यांच्या नावाचं. त्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणे, पात्रं आयत्या वेळी बोलत, विदूषक मध्येच टपकत असे. बसायची वेळ कुणावर येत होती? ठाण्याचं रंगायतन राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं, 1978 सालचं. त्यांच्या काळी रंगवलेले पडदे असत: महालाचा, रस्त्याचा, बागेचा. एक पडदा वर गेला की घर संपलं, दुसरा खाली आला की रस्ता लागला. ‘एकच प्याला’त सुधाकराच्या घरातून दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळात जायला दोरी ओढण्याइतका वेळ पुरत होता. मानपाड्याजवळचं तिसरं नाट्यगृह डॉ. काशिनाथ घाणेकरांचं, आणि त्यांनी संभाजी गाजवला तो काही दिवाणखान्यात बसून नव्हे.

मग बैठक आली कुठून? 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. मूळ नाटक नॉर्वेचं. पडद्यांऐवजी खरी वाटणारी खोली, दारं-खिडक्या, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, नेहमीसारखं बोलणं. त्या दिवसांत ते धाडस होतं, कारण भिंती खऱ्या केल्या की माणसांनाही खरं बोलावं लागतं. पुढे भिंती राहिल्या, खरं बोलणं तेवढं ऐच्छिक झालं.

मात्र सोफा टिकून राहिला तो नॉर्वेमुळे नव्हे, ठाणे-बेलापूर रोडमुळे. रविवारी सकाळी अकराला ठाण्यात आणि दुपारी साडेचारला वाशीला असे दोन प्रयोग लावायचे झाले, तर दीडच्या सुमाराला पडदा पडतो, पाऊण तासात सगळं टेम्पोत, मग कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत वाशी. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की मुलुंड-ऐरोली पुलाचा वळसा. हातात उरतो तासभर. एका तासात जो सेट उभा राहत नाही त्याला दिवसात एकच प्रयोग मिळतो, आणि तेवढ्यावर मराठी नाटक जगत नाही. शनिवार-रविवार हेच त्याचं शेत आहे. म्हणून लेखक लिहायला बसतो तेव्हाच त्याच्या डोक्यात एक सेट, दोन अंक आणि पाच पात्रं असतात.

तिकिटाचंही तेच. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. 2018 पूर्वी ही मर्यादा अडीचशे होती. त्यामुळे पुढच्या रांगांचा दर पाचशेला येऊन थबकतो आणि तिथेच राहतो. डिझेल, भाडं, मजुरी थबकत नाही. मग पाचाची चार पात्रं होतात, चाराची तीन, आणि सोफ्यावर ऐसपैस जागा होते.

सेट बघायची माझी एक खोड आहे, ती सांगतो. मुख्य दाराकडे लक्ष ठेवावं. फ्लॅट सहसा आठ फूट उंच आणि चार फूट रुंद, कारण प्लायची शीट सहसा आठ बाय चारचीच येते. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणलेला जुन्या पद्धतीचा फ्लॅट एक माणूस काखोटीला मारून नेतो. प्लायचा उचलायला दोघं. पण मांजरपाटाच्या भिंतीत दार बसवलं आणि नायक रागारागाने ते आपटून गेला, की भिंत मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत थरथरते, वरचं चित्र हेलकावे खातं आणि बाप मेल्याचं दुःख तिथेच संपतं. उपाय सोपा आहे. दाराच्या चौकटीला मागून दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्यायचे आणि त्यांच्या पायावर वजन ठेवायचं, कारण मंचावर खिळा ठोकायला बहुतेक ठिकाणी मनाई. बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला आणि दार विंगेच्या दिशेने उघडणारं. म्हणजे उघडलेलं दार टेके झाकतं आणि येणारा नट दारामागे अडकत नाही. हे ज्यांना कळलेलं असतं त्यांचं नाटकही बहुधा नीट उभं राहतं.

दुसरी खोड बॅगांची. अमेरिकेहून परतलेला मुलगा दोन भल्यामोठ्या सुटकेस दोन बोटांवर उचलून आणतो. जुनी रद्दी भरा, पाच-सहा किलो पुरे. कपात चहा नसला तरी पाणी असू द्या. रिकामा कप हातात कसा डुलतो ते बाल्कनीतूनही कळतं. दारूच्या जागी कोरा चहा चालतो. तो मात्र गार हवा, फुंकर घालून व्हिस्की पिणारा खलनायक कुणाला भीती घालणार? अशा वेळी मध्यंतराची वाट बघावी. ठाण्यात बटाटेवड्याने बऱ्याच पहिल्या अंकांची लाज राखलेली आहे.

दिवाळीनंतरच्या या हंगामात जुन्या नाटकांचा भर आहे, आणि त्यावर नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘सखाराम बाइंडर’ पुन्हा उभं राहिलं त्याचं मला बरं वाटलं. 1972 सालचं नाटक, पण त्या घरात मृदंग आहे. घरातली एक वस्तू माणसाचं सगळं सांगते आणि नेपथ्य म्हणतात ते याला. ‘संगीत देवबाभळी’त तुकोबांची आवली आणि रखुमाई अशी दोनच पात्रं आहेत, सोफा ठेवायचा कुणासाठी? 2017 साली आलेल्या त्या नाटकाने दोनच बायकांवर मंच भरून दाखवला. ‘तो मी नव्हेच’ने तर 1962 मध्ये फिरता रंगमंच आणून प्रसंग बदलताना लागणारा अंधारच काढून टाकला होता. आज प्रसंगागणिक ब्लॅकआउट, त्यात टीपॉय सरकल्याचा आवाज, आणि झाकायला सिंथेसायझर. दर ब्लॅकआउटला दहा-पंधरा सेकंद धरा. बारा प्रसंग असले की दोन-अडीच मिनिटं आपण अंधारासाठी पैसे मोजतो.

सोफ्याला पर्याय म्हणून आता एलईडी पडदा येतोय. त्याचं मला अजिबात कौतुक नाही. मागे प्रकाश ओतणारी भिंत उभी केली की डोळा तिकडे जातो आणि नटाचा चेहरा काळवंडतो. मग चेहरा दिसावा म्हणून समोरून दिवे वाढवायचे, ते पडद्यावर सांडले की चित्र फिकं, म्हणून पडदा आणखी उजळ करायचा. या चढाओढीत प्रकाशयोजना नावाची गोष्ट उरत नाही. ब्लॅकआउटही पुरता काळा होत नाही, पडदा पेटलेला असल्याची राखाडी झाक राहतेच. शिवाय मरिन ड्राइव्हच्या लाटा मागे हलत राहतात आणि पुढे बाई नवऱ्याला सोडून जात असते. मी लाटा बघतो.

कॉलर माइकबद्दल थोडक्यात. मिठी मारली की धप्प, पदर घासला की खरखर, दोघं जवळ आले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून पोकळ घुमतो. त्यामुळे हल्लीचे प्रेमिक हातभर अंतर राखून असतात. संस्कृतिरक्षकांनी माइकवाल्यांचे आभार मानावेत.

तिकीट काढताना बसायचं कुठे, हेही नाटकावर ठरवावं. सोफ्याचं नाटक असेल तर पाचवी ते नववी रांग, मधली. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं, सोफ्याची बैठक नजरेच्या वर जाते आणि अडीच तास पायमोजे दिसतात. कडेच्या खुर्चीवरून पायऱ्यांवरचं गुपित फ्लॅटमागे जातं. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा टाळाव्यात, वरचं छत आवाज खातं. रिकाम्या मंचाचं नाटक असेल तर मात्र थेट बाल्कनी. माणसं जमिनीवर कशा रेघा काढत फिरतात ते वरूनच कळतं आणि पैसेही वाचतात. नूतनीकरणानंतर 2025 च्या ऑगस्टमध्ये रंगायतन पुन्हा उघडलं, तेव्हापासून ठाणेकरांना ही निवड पुन्हा तलावपाळीवर करता येते.

सोफ्याविरुद्ध एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट उरतेच. तो उचलायला माणसं लागतात. फ्लॅट उभे करायला, टेके द्यायला, पायऱ्या जोडायला, मध्यंतरात अभ्रे बदलायला. या रंगमंच कामगारांना पैसे प्रयोगागणिक मिळतात, त्याला नाइट म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि पुढची दीड-पावणेदोन वर्षं बरीचशी बंदच राहिली, तेव्हा यातल्या कितीतरी जणांना किराण्याची मदत घ्यावी लागली. नटांना निदान मालिकांचा आधार होता, टेके देणाऱ्याला कुठली मालिका? तीनच ठोकळ्यांवर उभं राहणारं नाटक मला आवडतं आणि त्याची वाहवा मी करतच राहणार. पण अशा नाटकाला दोन माणसं कमी लागतात. ती दोन कोणती, हे निर्माता ठरवतो. बुकिंगच्या खिडकीवर त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मी रांग नंबरच सांगितला असता.