तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क टिकेल, पण वाचणार कोण?

घरी पहिल्यांदा येणाऱ्याची नजर आधी त्या कपाटाकडे जाते. खालच्या दोन फळ्यांवर डीव्हीडी, मधे निळ्या कव्हरातल्या, जास्त स्पष्ट चित्राच्या ब्लू-रे आणि वरच्या फळीवर काळ्या कव्हरातल्या अल्ट्रा एचडी, म्हणजे फोर-के चित्राच्या ब्लू-रे. मग ठरलेला प्रश्न येतो, "अजून किती वर्षं चालणार हे?" सुरात थोडी उत्सुकता असते, थोडी कीवही. इतके दिवस मी "बघू या" म्हणून विषय बदलत आले. पण गेल्या महिन्यात एका मित्राने हेच विचारलं, आणि त्याला खरोखरच ठरवायचं होतं की माळ्यावरच्या तीन खोकी डिस्क ठेवायच्या की विकून टाकायच्या. त्याला "बघू या" सांगून भागेना. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिली गंमत म्हणजे "हे" कशाला म्हणायचं, हे विचारणाऱ्यालाही माहीत नसतं. हातातली चकती किती वर्षं शाबूत राहील, नव्या डिस्क किती वर्षं निघतील आणि त्या लावायला प्लेयर किती वर्षं मिळेल, हे तीन वेगळे हिशेब आहेत. बहुतेकांना पहिल्याची धास्ती असते. मला तिसऱ्याची आहे.

चकती खराब होते, नाही असं नाही. माझ्याकडच्या एका संचातली चौथी डिस्क तासभर नीट चालायची आणि मग चित्राचे चौकोन व्हायला लागायचे. ओरखडा एकही नाही. दिव्यासमोर धरली तेव्हा कडेला बारीक ठिपके दिसले, जुन्या आरशाच्या कडेला डाग येतात ना, अगदी तसे. आणि प्रकारही जवळजवळ तोच. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो. चिकटवणीत किंवा कडेच्या लेपात कसर राहिली की हवा आणि ओल आत शिरते, अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि लेझरला परत फिरायला आरसा उरत नाही. तुम्ही डिस्क कितीही जपलीत तरी हा दोष कारखान्यातच आलेला असतो. म्हणून तो एकेका डिस्कला होत नाही, घाणाच्या घाणा बिघडतो. एका मोठ्या स्टुडिओच्या २००६ ते २००८ या काळातल्या बऱ्याच डीव्हीडी अशाच मेल्या आणि २०२५ मध्ये त्या स्टुडिओने ते कबूलही केलं. त्याच्या आधी ब्रिटनमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान छापलेल्या सीडी तांबूस पडत गेल्या. वरचा लेप कव्हरच्या कागदातल्या गंधकाला पुरून उरला नाही. डीव्हीडीआधीच्या, थाळीएवढ्या मोठ्या लेझरडिस्कवर सिनेमे बघणाऱ्यांनी तर या रोगाला "लेझर रॉट" असं नावच देऊन ठेवलं होतं.

पण हे अपवाद झाले. ज्या चांगल्या छापल्या गेल्या त्या डिस्क माझ्याकडे वीस-पंचवीस वर्षं कुरकुर न करता चालतायत, आणि अजून तितकीच वर्षं चालणार नाहीत असं म्हणायला मला कारण सापडत नाही. उभ्या ठेवा, उन्हात नको, वर स्टिकर चिकटवू नका. पुसायची वेळ आली तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या वाटेबरोबरच धावतो आणि एका जागची बरीच माहिती एकदम घेऊन जातो. ब्लू-रेबाबत थोडी जास्त काळजी घ्या. तिची माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असते. वरून कठीण लेप असतो म्हणून ती सहसा ओरखडत नाही, पण खोल चरा गेला तर वाचवायला मधे फारसं काही उरत नाही.

इथे एक गोष्ट घाईने सांगून टाकते, कारण ती वरच्या सगळ्यापेक्षा तातडीची आहे. छापलेली डिस्क वेगळी आणि घरी कॉम्प्युटरवर लिहिलेली वेगळी. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती म्हणजे प्लास्टिकमधले खरेखुरे खळगे असतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर लेझरने भाजून खुणा केलेल्या असतात, आणि रंग म्हटला की तो विटणारच. मुलांच्या लहानपणीचं शूटिंग अशा जांभळट पोटाच्या डिस्कवर पडून असेल तर हा लेख नंतर वाचा. आधी त्याची कॉपी करा.

आता प्लेयरकडे येते. माझ्या पहिल्या ब्लू-रे प्लेयरचा ट्रे एके दिवशी बाहेर यायचा बंद झाला. बटण दाबलं की आतून घरघर यायची, ट्रे जागचा हलायचा नाही. झाकण उघडून पाहिलं तर ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडून चिकट झाला होता. बोटांना काळं लागलं. नवा पट्टा घातला, दोन मिनिटांचं काम, प्लेयर पुन्हा चालू. पुढे दोन वर्षांनी त्याच प्लेयरने डिस्क ओळखणंच सोडलं. या वेळी पट्टा नव्हता, लेझर थकला होता. लेन्स पुसून पाहिली, उपयोग शून्य. तो भाग बाजारात सुटा मिळाला नाही आणि यंत्र भंगारात गेलं.

या दोन दुरुस्त्यांमधल्या फरकातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रबर, ग्रीस, कपॅसिटर, मोटर यांची सोय कुणीतरी कुठेतरी करेल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा-निळा लेझर आणि त्याची लेन्स घरच्या टेबलावर बनत नाही. त्याला मोठा कारखाना लागतो, आणि कारखाना चालायला लाखांनी मागणी लागते.

"पण तबकड्या परत आल्याच की," असं इथे हमखास कुणीतरी म्हणतं. आल्या. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्ड नगांच्या हिशेबाने सीडीपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. तरी ही तुलना मला पटत नाही. रेकॉर्ड प्लेयर म्हणजे फिरणारी थाळी, एक सुई आणि तिची थरथर मोठी करणारं साधन. हौशी कारागीर तो स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधू शकतो, बांधतातही. डिस्क वाचायची म्हणजे एका मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अंतरावरच्या रांगांवर, चकती गरगर फिरत असताना, लेझरचा नेम धरून ठेवायचा. आणि नेम लागला तरी पुढे कुलूप आहेच. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी व्हीसीआरचं उदाहरण बघा, कारण ते डोळे उघडणारं आहे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नव्या यंत्रांची शेवटची वाट तिथे बंद झाली. आदल्या वर्षी त्यांनी साडेसात लाख यंत्रं विकली होती! गिऱ्हाईक संपलं नव्हतं. सुटे भाग मिळेनासे झाले होते, कारण ते भाग बनवणाऱ्यांना आता तो धंदा परवडत नव्हता. यंत्र असं मागून मरतं. दुकानात ते दिसत असतं, तेव्हाच त्याच्या पोटातला एखादा भाग बनायचा थांबलेला असतो.

ब्लू-रेची वाटचाल त्याच दिशेने दिसते. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं सोडलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेयर काढणं थांबवलं, २०२४ मध्ये एलजीही बाहेर पडली. मोठ्या नावांत सोनी आणि पॅनासॉनिक तेवढ्या उरल्या आहेत. लेझरचे कारखाने आज तगून आहेत त्याला गेमचा मोठा आधार आहे, असं माझं मत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेम कन्सोलच्या डिस्कवाल्या आवृत्त्यांत अल्ट्रा एचडी वाचणारा ड्राइव्ह आहे. पण २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तो नाही, वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो. सिनेमाच्या डिस्कचं भवितव्य मी स्टुडिओंच्या घोषणांत शोधत नाही. पुढच्या पिढीच्या गेम कन्सोलला डिस्कची खाच असेल का, एवढंच मी बघते.

आता कुलूप. कॉपी होऊ नये म्हणून ब्लू-रेवर असलेलं संरक्षण प्लेयरमधल्या सांकेतिक किल्ल्यांवर चालतं आणि नव्या डिस्क कधीकधी नव्या किल्ल्या मागतात. म्हणून प्लेयरला फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट लागतो. कंपनीने तो द्यायचा बंद केला की जुन्या डिस्क चालत राहतात, नव्या अडू शकतात. कॉम्प्युटरवर तर याहून वाईट झालं. अल्ट्रा एचडी डिस्क कायदेशीर सॉफ्टवेअरने पाहायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागायची. इंटेलने ती सोय अकराव्या-बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. ज्यांनी हौसेने नवा, वेगवान कॉम्प्युटर घेतला त्यांच्या डिस्क त्यावर लागेनात. डिस्कला काही झालं नव्हतं, ड्राइव्हलाही नाही.

याउलट डीव्हीडी. तिचं कुलूप १९९९ मध्येच फुटलं, आणि त्यानंतर तिला वाचणारी साधनं कुठल्याही एका कंपनीच्या मर्जीवर राहिली नाहीत. तिचा लाल लेझरही साधा आणि स्वस्त. त्यामुळे माझा अंदाज असा, की १९९६ मध्ये जपानात पहिल्यांदा विक्रीला आलेली ही म्हातारी आपल्या दोन्ही धाकट्या बहिणींना मागे टाकेल. चित्र तिचं सगळ्यांत धूसर, आयुष्य मात्र तिचंच लांब.

दुकानांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवायची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली, बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने २०२४ मध्ये सिनेमाच्या डिस्क विकणं सोडलं. या बातम्यांवरून लोक "डिस्क संपली" म्हणतात. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. आज दिसेल तो सिनेमा डिस्कवर घेणारं गिऱ्हाईक संपलं, हे खरं. उरलेत ते निवडून घेणारे, आणि त्यांच्यासाठी क्रायटेरियन, अ‍ॅरो यांच्यासारखे प्रकाशक जुने सिनेमे मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त करून थोड्या प्रतींत काढतायत. काही सिनेमे आज जितके देखणे दिसतात तितके ते प्रदर्शनानंतर घरी कधीच दिसले नव्हते. डिस्क पुस्तकासारखी होत चालली आहे, थोड्यांची आणि महाग. महाग होण्याबद्दल माझी तक्रार आहेच, पण बंद पडण्यापेक्षा ते बरं.

आणि मी अजून घेते त्याची कारणं भावनिक नाहीत. अल्ट्रा एचडी डिस्क सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते. स्ट्रीमिंगवरचा फोर-के सिनेमा बहुधा पंचविसाच्या आतबाहेर असतो. फरक बघायचा तर अंधाराचा प्रसंग लावा. कंदील घेऊन कुणी जिना उतरतंय आणि मागची भिंत काळोखात विरत जातेय. स्ट्रीमिंगवर त्या भिंतीवर पायऱ्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात, डिस्कवर काळोख एकसंध उतरतो. दुसरं कारण मालकीचं. अल्ट्राव्हायलेट नावाची सेवा होती, विकत घेतलेले सिनेमे ऑनलाइन "कपाटात" ठेवणारी. ३१ जुलै २०१९ ला ते कपाटच बंद झालं. ज्यांनी आपलं खातं वेळेत दुसऱ्या सेवांशी जोडलं होतं त्यांचे बरेचसे सिनेमे वाचले, बाकीच्यांनी हात चोळले. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, की असा डिजिटल माल विकताना तुम्हाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायचं. म्हणजे "विकत घ्या" या बटणाचा अर्थ कायद्याला समजावून सांगावा लागतो.

तर आकडा हवा असेल तर माझा हिशेब असा. नीट छापलेल्या डिस्क आपल्यापैकी बऱ्याच जणांना पुरून उरतील. नवे सिनेमे डिस्कवर येत राहतील, दर वर्षी थोडे कमी. नवा ब्लू-रे प्लेयर दुकानात मिळण्याची मी दहाएक वर्षं धरते, त्यातही शेवटची काही वर्षं एखाद-दुसऱ्या मॉडेलची. लेझरडिस्कचे प्लेयर पायोनियरने २००९ मध्ये बंद केले, आणि त्या डिस्कचे शौकीन आज जुन्या यंत्रांवर, ती खोलून जोडणाऱ्या चार माणसांच्या भरवशावर आहेत. आपलंही तेच होईल. यानंतर आणखी नवी, मोठी डिस्क येईल असं मला वाटत नाही.

म्हणून मी गेल्या वर्षी दुसरा प्लेयर घेतला, पहिला ठणठणीत असताना. तो खोक्यातच असतो. फर्मवेअरची शेवटची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून त्याच खोक्यात टाकली आहे. दर तीन महिन्यांनी तो काढून एक अख्खा सिनेमा त्यावर बघते, म्हणजे ग्रीस जागच्या जागी सुकणार नाही आणि पट्टा एकाच आकारात ताठणार नाही. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो.

माझ्या मित्राने हे सगळं ऐकून घेतलं. परवा त्याचा फोन आला. एक खोकं विकलं, दोन ठेवायची ठरली. मी म्हटलं, छान. मग जरा थांबून म्हणाला, "अगं, पण माझा प्लेयर मी केव्हाच देऊन टाकलाय. तुझ्याकडे तो दुसरा नुसता पडून आहे ना?"

मी त्याला सांगितलं, तो पडलेला नाही, ठेवलेला आहे.