कर्ली नदीतली बोट आणि मालवणी जेवण: आमचं प्लॅनिंग कसं झालं

तारकर्ली-देवबागला गेलेल्या कुणालाही बोटिंगबद्दल विचारा, बहुतेक जण डॉल्फिन, त्सुनामी आयलंड आणि बनाना राईड एवढंच सांगतात. आमच्या घरातल्या मंडळींना यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. अण्णांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आईंना उन्हाचा त्रास, नणंदेची दोन लहान मुलं, आणि जावईबापू पक्के शाकाहारी. पण सगळ्यांनी मिळून पाण्यात दोन-तीन तास घालवावेत आणि नंतर तिथलं घरगुती जेवण थोडं थोडं सगळं चाखावं ही माझी खूप दिवसांची इच्छा होती, आणि ते अगदी मनासारखं झालं. अशाच वयाची माणसं घेऊन जाणारे बरेच असतील म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी जागेबद्दल. देवबाग ही एक अगदी चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधे माडांची बागायत आणि घरं. काही ठिकाणी तर या बाजूच्या पाण्यापासून त्या बाजूच्या पाण्यापर्यंत चालत पाच-सात मिनिटांत जाता येतं. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम, पलीकडे भोगवे, तो वेंगुर्ला तालुका. संगमाजवळ जो वाळूचा पट्टा वर आलाय त्यालाच त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. ठरलेल्या पॉइंटवाल्या सगळ्या बोटी या टोकाकडे पळतात. मला उलट दिशेला, नदीच्या वरच्या अंगाला जायचं होतं, कारण तिकडे लाटा नाहीत, दोन्ही काठांना कांदळवन म्हणजे खारफुटीची झाडी आणि सावकाश चालणारं पाणी.

सुरुवात मी एका एजंटला फोन करून केली. त्याचं म्हणणं, कधीही या, दहाला या, दोनला या, सगळं सारखंच, फुल पॅकेज घ्या. मी भरती-ओहोटीचं विचारलं तर म्हणाला तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका. इथेच माझं मन उठलं, कारण ज्या नदीत समुद्राचं पाणी रोज दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं तिथे वेळ सारखी कशी असेल. मग आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या घरातल्या काकींनी त्यांच्या ओळखीच्या एका बोटवाल्या काकांचा नंबर दिला. त्यांना मी तारीख सांगायला लागले तर मला मधेच थांबवून म्हणाले, "तारीख नको, तिथ सांगा."

मला हे इतकं आवडलं. हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तेव्हा सव्वाअकरा. आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजायचं एक ते पंधराच. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर भरतीच्या वेळांचे तक्ते मोबाईलवर मिळतातच, पण घरी बसून दिवस ठरवायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता आमच्याकडे तिथीचा दुसरा पण प्रश्न असतो. आई सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी पाळतात, त्या दिवशी मासे नाहीत. म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून मी आणि आई बसलो, त्या त्यांचे वार बघतायत आणि मी पाऊणपट करतेय. म्हातारी माणसं सोबत असतील तर बोटीत चढायला भरतीचीच वेळ हवी हे काकांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, भरतीला बोट जेटीच्या पायरीला येऊन लागते, पाय उचलून आत टाकला की झालं, ओहोटीला तीच बोट खूप खाली जाते आणि पायऱ्यांवर शेवाळ आणि चिखल. आणि सकाळी वारा नसतो, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की नदीतही पाणी हलायला लागतं. म्हणजे सकाळी नऊच्या आसपास भरती हवी, म्हणजे द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. फेब्रुवारीत शनिवारी एकादशी आणि रविवारी द्वादशी असा वीकेंड मिळाला आणि आई एकदम खूश, शनिवारी त्यांचा उपास, रविवारी पाणी पण आणि मासे पण. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बारस ना? मग नवाक भरती. तुमी आठाक जेटीर येवा."

एक महत्त्वाचं, पावसाळ्यात यातलं काही होत नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी बोटी बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, म्हणजे ताटातले मासे पण तेव्हा ताजे मिळतीलच असं नाही. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत जा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी तरी जाणार नाही, तेव्हा गर्दीमुळे कुणाला तुमच्याशी नीट बोलायला पण वेळ नसतो.

बोट ठरवताना मी काय काय विचारलं ते सांगते. पूर्ण बोट आपल्यालाच की सीटवर, पूर्णच घ्या, माणशी हिशोब केला तर फार फरक पडत नाही आणि कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहतं. वर छप्पर आहे का. बसायला पाठ टेकेल अशी बाकं आहेत का, कारण नुसत्या फळीवर अण्णा दोन तास बसू शकले नसते. मेरीटाईम बोर्डाचं लायसन्स आहे का आणि किती माणसांची परवानगी आहे. आणि लहान मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट आहेत का, हे नीट विचारा, मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं तर ते खांद्यावरून वर सरकतं आणि त्याचा काही उपयोग नाही. काकांनी मुलांची दोन जॅकेटं शेजारच्या बोटीवरून आदल्या दिवशी आणून ठेवली. बोटीत टॉयलेट नसतं, ते घरूनच उरकून निघायचं, मोठ्या माणसांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

मी वरच्या अंगाला जायचंय म्हटल्यावर काकांना खरंच प्रश्न पडला होता, "वर काय बघूचा आसा?" लोक डॉल्फिन मागतात म्हणाले. डॉल्फिन समुद्रात, तिथे बोट आपटते, अण्णांना ते नको होतं, हे सांगितल्यावर त्यांना पटलं आणि मग त्यांनीच सुचवलं की आठला निघून चढत्या पाण्याबरोबर वर जाऊ, नऊच्या सुमाराला पाणी थांबेल तेव्हा इंजिन बंद करून थोडं थांबू, आणि सरत्या पाण्याबरोबर खाली येऊ.

आम्ही पनवेलहून कोकणकन्येने कुडाळला उतरलो होतो, तिथून गाडीने देवबाग. शनिवार आरामात गेला. रविवारी आठला जेटीवर, आणि खरोखर बोटीची कड पायरीला लागलेली, काकांनी नुसता हात धरला आणि अण्णा आत. माझं अर्धं टेन्शन तिथेच गेलं. बोट निघाली की पहिली पंधरा-वीस मिनिटं दोन्ही बाजूंना माड, घरांच्या मागच्या पायऱ्या, सुकत टाकलेली जाळी. मग कांदळ दाट होतं. भरतीत त्याची मुळं पाण्याखाली जातात आणि झाडं थेट पाण्यातून उगवल्यासारखी दिसतात, फांदीवर खंड्या, वर ब्राह्मणी घार, पांढरं डोकं आणि विटकरी अंग, मुलांना ती लगेच ओळखता यायला लागली. एका ठिकाणी होडीत उभा राहून एक माणूस पाग टाकत होता. जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक कड दातात धरलेली, अंग एकदा वळवलं की जाळं हवेत गोल उघडतं आणि सगळ्या कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यात पडतात. आमच्यासाठी त्याने परत टाकून दाखवला, त्यात बोटाएवढी मासळी आली ती त्याने परत सोडून दिली.

पाणी थांबलं तेव्हा काकांनी इंजिन बंद केलं. भरती पुरी होऊन ओहोटी लागेपर्यंत थोडा वेळ पाणी कुठेच जात नाही, पडलेलं पान जागच्या जागी. अण्णा नेहमी घड्याळ बघणारे माणूस, ते त्या वेळी काकांना त्यांच्या वडिलांच्या वेळच्या शिडाच्या होड्यांबद्दल विचारत बसले होते. मला वाटतं सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला वेळ हाच, आणि कुठल्याही पॅकेजमध्ये तो लिहिलेला नसतो, मागून घ्यावा लागतो. साडेदहाला परत जेटीवर, तेव्हाही पाणी बऱ्यापैकी वरच होतं.

आता जेवण. काकींना मी आठवडाभर आधी फोन करून सांगितलं होतं की आम्हाला थाळी नको, पाच-सहा पदार्थ थोडे थोडे करा, सगळ्यांना चव कळली पाहिजे. त्यावर त्या म्हणाल्या, "पोटभर नको म्हणतास, मग इतक्या लांब इलास कित्याक?" शेवटी ठरलं की पदार्थ जास्त, प्रमाण कमी, आणि भात मागाल तितका. हे आधी ठरवणं फार गरजेचं आहे कारण काही गोष्टी आदल्या दिवशीपासून कराव्या लागतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या आदल्या ओहोटीला काढलेल्या असतात आणि त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे त्या रेती टाकून देतात. सकाळी काकी विळीवर बसून एकेक तिसरी पात्यावर उघडत होत्या, मांस एका शिंपल्यात ठेवायचं, रिकामं शिंपलं फेकायचं, हात इतका सराईत की आपल्याला नुसता टक टक आवाज येतो. मग कांदा, भाजलेलं ओलं खोबरं, मालवणी मसाला आणि कोकम घालून त्याचं सुकं. ते शिंपल्यातून चोखून खायचं हे आमच्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

बांगड्याचं तिखलं म्हणजे तिखट कालवण केलं होतं, त्यात तिरफळं. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकतात आणि वरचं टरफल नुसतं ठेचून घालतात, वाटायचं नाही. पानात आलं तर चावू नका, बाजूला काढा, जीभ बधीर होते. सुरमईची तुकडी तळलेली, कोंबडी-वडे. वडे तांदूळ, उडीद, हरभरा डाळ, मेथी, धणे यांच्या पिठाचे, पुरीसारखे फुगलेले. जावईबापूंसाठी मला काळजी होती पण त्यांचं पान कुणाहून कमी नव्हतं, वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि फेब्रुवारी असल्यामुळे नुकत्याच आलेल्या ओल्या काजूगरांची उसळ. शाकाहारी माणूस सोबत असेल तर हाच सीझन गाठा असं मी मनापासून सांगेन. जावईबापूंचं तेल आणि कढई वेगळी ठेवा हे आधी सांगितलं होतं आणि काकींनी ते अगदी नीट पाळलं. शेवटी शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, आणि सोलकढी तर वाटी रिकामी झाली की परत. ज्यांना शिंपल्यांची ॲलर्जी असते त्यांनी मात्र आधीच सांगावं, कारण घरगुती जेवणात पळी इकडची तिकडे जाऊ शकते.

तीनच्या सुमाराला ओहोटी होती म्हणून जेवण झाल्यावर मी आणि नणंद चालत नदीच्या काठाला गेलो. सकाळी जिथून बोट गेली तिथे आता रेती उघडी पडलेली आणि गावातल्या बायका वाकून, हातात लहानसं कोयतं घेऊन तिसऱ्या काढत होत्या, कमरेला टोपली. त्यांना बाजार, स्वयंपाक सगळं या वेळेवर लावावं लागतं, रोज पाऊण तास पुढे. पाण्यात उतरावंसं वाटलं तर संगमाच्या बाजूला अजिबात उतरू नका, पाणी सरत असताना तिथे समुद्राकडे जोरदार ओढ असते, वरून शांत दिसतं म्हणून फसू नका, आणि बोटवाला नको म्हणाला की वाद घालू नका.

खर्चाचं म्हणाल तर बोटवाल्यांना थोडा ॲडव्हान्स देऊन बाकी उतरल्यावर दिले, काकींना पदार्थांप्रमाणे आधीच भाव विचारून घेतला, सुरमईचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर असतो त्यामुळे तेवढं मोकळं ठेवलं. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज कधी असते कधी नसते.

आणि ज्यांना इंजिनाचा आवाजच नको त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन फिरवतात. आईंना ते आत्तापासूनच करायचंय, त्यामुळे पुढच्या वेळेसाठी कालनिर्णय परत काढलंय, दशमी किंवा द्वादशीचा, सोमवार-गुरुवार नसलेला दिवस शोधतोय. कुणी तिथे म्हातारी माणसं घेऊन गेलं असेल तर होडीत चढायची सोय कशी आहे ते नक्की सांगा.