फेरीआधीचं गोळ्यांचं गणित

श्रावणातला दुसरा सोमवार, रात्र.

पुढच्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. रविवारी रात्रीपासूनच नाशिकहून त्र्यंबकची वाट भरते. बरेच जण उपाशी चालतात, त्यांत शुगरवाले काही कमी नसतात. जेवण सुटतं, चाल वाढते, सकाळची गोळी मात्र सवयीनं पोटात जाते. घोळ तिथंच होतो.

त्यातून हल्ली एका गोळीत तीन औषधं असतात: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. त्रास कुणामुळे होतोय हे कळायला पट्टीमागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. माझ्या मते उपवासाच्या आधी करायचं पहिलं काम हेच. डॉक्टरांना फोन करून ‘ती पांढरी लांबट गोळी’ असं सांगण्यात काही अर्थ नाही.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणून ते नाश्त्याबरोबर घ्यायचं. नाश्ता नाही त्या दिवशी डोस कमी करायचा की टाळायचा, हे आधीच विचारून ठेवायचं. अचानक घाम, हातांना कंप, धडधड, उगाच चिडचिड झाली तर शुगर बघावी. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. साबुदाण्याची खिचडी नि शेंगदाण्याचा लाडू इथं कामाचे नाहीत. दाण्यांतल्या तेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि गोळीत व्होग्लिबोज असेल तर घरची साखरही हळू फुटते, कारण ती फोडणारं आतड्यातलं काम हे औषध अडवतं. खिशात ग्लुकोज पावडरच हवी. शुगर वर आली की काहीतरी खायचंच. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, शुगर पुन्हा घसरू शकते. अशा वेळी उपवास मोडायचा, देव रागावत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांची तऱ्हा वेगळी. साखर लघवीवाटे जाते, सोबत पाणीही. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, भाव उतरले आणि गोळी घरोघरी पोचली. जांघेत, लघवीच्या जागी खाज सुटली की लाजेनं लोक महिनोन्‌महिने बोलत नाहीत. जागा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी ठेवावी. बुरशीचं मलम डॉक्टर देतात, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. खरी भीती उपाशीपोटी. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारी आम्लं, साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ‘शुगर तर बरी आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, थेट दवाखाना. उलट्या-जुलाब सुरू असले तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन, दोन्ही खाणंपिणं नीट होईपर्यंत थांबवतात. ठरलेल्या ऑपरेशनआधी ही गोळी निदान तीन दिवस बंद असते, फक्त ते सर्जनला सांगावं लागतं.

मेटफॉर्मिननं पोट बिघडतं म्हणून ती सोडणारे पुष्कळ. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणासोबत सुरू करून आठवड्यागणिक वाढवली तर बहुतेकांना सोसते. तरी जुलाब थांबले नाहीत तर हळू विरघळणारी, म्हणजे एसआर, मागून घ्यावी. ती तोडायची-कुटायची नाही. तोडली की औषध एकदम सुटतं. शौचात गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नये, तो रिकामा सांगाडा असतो, औषध कधीच उतरलेलं असतं.

तळपायाच्या मुंग्यांचं मात्र दुर्लक्ष होतं. शुगरनं नसा गेल्या असं धरून चालतात, पण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानंही बी-१२ जीवनसत्त्व उतरतं आणि त्यानंही मुंग्या येतात. शाकाहारी माणूस आणि रोजची ॲसिडिटीची गोळी असेल तर आणखीच. साधी रक्ततपासणी आहे. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळ्या. मेटफॉर्मिन सहसा बंद करावी लागत नाही.