संत्र्याची बुरशी परवडली, तो फॉर्म नको

मेव्हण्याची मध्य प्रदेशात आगरजवळ संत्र्याची बाग आहे. मृग बहाराचे दोन क्रेट दर मार्चमध्ये आमच्या इंदूरच्या घरी येतात. आठवड्यात एखाद्या फळावर पांढरा ठिपका, मग त्यावर हिरवी पूड, मग शेजारचं फळ मऊ. ही पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची बुरशी. धड सालीतून ती शिरत नाही, तिला खरचटलेली जागा लागते. तिथे आधी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बसवला तर तो बुरशीला मारक द्रव्यं सोडतो. पुसी आणि विल्सन यांनी १९८४ मध्ये पीचच्या कुजेवर हा जिवाणू वापरून दाखवला होता. म्हटलं, निवृत्त माणसाला वेळच वेळ, करून बघू.

या जिवाणूच्या पावडरीचं पाकीट लगेच मिळालं, पण दुकानदाराने ते काचेत, उन्हात मांडलेलं. आतले जीव जिवंत तरी असतील का? लेबलवर दर ग्रॅमला दहा कोटी लिहिलेले. मोजून घ्यावेत म्हणून एका प्रयोगशाळेत गेलो, आणि तिथेच फसलो.

फॉर्मवर रकाने होते: दूध, पाणी, मसाले, इतर खाद्य.

"अंकल, ये खाने का है?"

"नहीं."

"पीने का?"

"बैक्टीरिया हैं, गिनवाने हैं."

त्याने पेन खाली ठेवलं. "बैक्टीरिया निकले तो सेम्पल फेल हो जाएगा."

"भिया, नहीं निकले तो फेल है!"

दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, ते आलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला मीच 'इतर खाद्य'वर खूण करून 'पावडर' लिहिलं. काम काय, तर एक ग्रॅम पावडर निर्जंतुक पाण्यात घालायची, दहा-दहा पट पातळ करत थाळ्यांत वाढवायची, ३० ते ३०० ठिपके (एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची वसाहत) दिसतील ती थाळी मोजून गुणाकार करायचा. दोन-तीन दिवसांचं काम, बारा दिवस लागले. रिपोर्टात दर ग्रॅमला तीन कोटी, आणि खाली शिक्का: 'मानक के अनुरूप नहीं'. त्यांच्या मानकाला जिवाणू जास्त, माझ्या लेबलाला कमी. दोन्हीकडून नापास!

दुसरं पाकीट दुकानाच्या आतल्या कपाटातून, ताज्या तारखेचं मागून घेतलं. ते तपासायला नेलं नाही.

एक आधीच सांगायला हवं होतं: पावडर कालवायला नर्मदेच्या नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने जिवाणूच मरू शकतात. मी बोअरचं घेतलं. फळं ओढून नाही, कात्रीने देठासकट तोडायला लावली, एका क्रेटमधली त्याच संध्याकाळी त्या पाण्यात बुडवली आणि सावलीत सुकवली. बुरशी आत गेली की मग उपयोग नाही.

पंधरा दिवसांनी साध्या क्रेटमधली अकरा नासली, बुडवलेल्यातली चार. घरची मोजणी, प्रयोग म्हणू नका.

मेव्हण्याचा लगेच फोन, "भावजी, मंडीच्या मालाला लावू?" नको म्हटलं. लेबलवर बीजप्रक्रिया आणि माती एवढंच आहे, तोडलेल्या फळांचं नाव नाही. आम्ही धुऊन, सोलून खाल्ली.