तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी-घर सांभाळून रेटेड बुद्धिबळ

"नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा हे सगळं सांभाळून रेटेड स्पर्धा खेळता येतात का? आणि त्यासाठी रोज किती तास अभ्यास करायचा?" शाळा-कॉलेजात बरं खेळलेली आणि चाळिशीच्या आगेमागे पुन्हा पटाकडे वळलेली मंडळी हे हमखास विचारतात. (रेटेड स्पर्धा म्हणजे जिच्या निकालांवर खेळाडूचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, वर-खाली होतो ती.) पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. दुसरा प्रश्न उलट्या टोकाने विचारलेला आहे. नोकरदाराला रोजचा अर्धा तास कुठूनही काढता येतो. त्याला मिळत नाहीत ते सलग पाच दिवस. म्हणून वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या हे आधी ठरवावं, अभ्यास किती आणि कसला हे त्यावरून ठरतं.

आपल्याकडची क्लासिकल (लांब वेळेच्या डावांची) रेटिंग स्पर्धा बहुधा 9 फेऱ्यांची, स्विस पद्धतीची (कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते) आणि पाच दिवसांत उरकणारी असते. म्हणजे बहुतेक दिवशी दोन डाव. 90 मिनिटं आणि प्रत्येक खेळीला 30 सेकंद जादा असा वेळ असेल, तर 60 खेळ्यांच्या डावात प्रत्येकाला 120 मिनिटं मिळतात, म्हणजे डाव चार तासांचा. सकाळी दहाला बसलेला माणूस दोनला उठतो आणि दुसरी फेरी साडेतीनच्या सुमारास सुरू होते. शनिवार-रविवार साधला तरी तीन दिवसांची रजा जाते, बाहेरगावी असेल तर प्रवासाचा दिवस वेगळा. राज्य सरकारी नोकरीत किरकोळ रजा वर्षाला 8. त्यातच आजारपण, लग्नकार्य आणि शाळेतली पालकसभा. माझ्या मते वर्षाला दोन क्लासिकल स्पर्धा, फार तर तीन. तीन स्पर्धा म्हणजे 27 डाव, आणि तेवढ्या डावांचं नीट विश्लेषण करायलाच उरलेलं वर्ष पुरत नाही.

एवढ्याने रेटिंग वाढतं का? हिशेब करून बघा. प्रौढ, 30 रेटेड डाव झालेला आणि 2400 च्या खालचा खेळाडू असेल तर त्याचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) 20. बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं की 10 गुण मिळतात. स्वतःच्या रेटिंगपेक्षा 100 गुणांनी सरस कामगिरी 9 डावांत टिकवली, तर हाती लागतात साधारण 25 गुण. म्हणजे 1600 वरून 1700 व्हायला अशा चारपेक्षा जास्त स्पर्धा हव्यात, कारण रेटिंग चढतं तशी तीच कामगिरी कमी गुण देते. उलट बाजूने, 300 गुणांनी खालच्या खेळाडूकडून हरलात की 17 गुण जातात, बरोबरी झाली तरी 7, आणि जिंकलात तर मिळतात फक्त 3. हा खालचा खेळाडू बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा असतो. 18 वर्षांखालच्यांचा के-फॅक्टर 40 असूनही त्यांचं रेटिंग त्यांच्या खेळाच्या मागेच राहतं. पहिल्या एक-दोन वर्षांत आलेख सपाट राहिला किंवा थोडा घसरला, तर त्यातून खेळ बिघडल्याचा अर्थ काढू नका.

जुनं रेटिंग असलेल्यांसाठी एक गोष्ट. 1 मार्च 2024 ला फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) किमान रेटिंग 1000 वरून 1400 केलं आणि 2000 च्या खालच्यांना एकदाच वाढ दिली: 2000 ला जेवढे गुण कमी, त्याच्या 40 टक्के. 1200 चा खेळाडू त्यामुळे 1520 झाला. म्हणून आपलं नाव फिडेच्या साइटवर शोधून आजचा आकडा बघा, मगच 1600 खालची किंवा 1800 खालची स्पर्धा निवडा. रेटिंगच नसेल तर रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, 26 महिन्यांत झाले तरी चालतात. मात्र पहिल्याच स्पर्धेत शून्यावर राहिलात तर ते डाव धरत नाहीत.

तारखा हा भांडणाचा खरा मुद्दा. स्पर्धांची गर्दी मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात असते, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच. घरच्यांचे बेतही नेमके तेव्हाच. जून ते सप्टेंबरमधली एखादी आणि जानेवारी-फेब्रुवारीतली एखादी स्पर्धा निवडली तर निम्मा ताण जातो. गणपतीचे दिवस सोडूनच द्या. पहिली स्पर्धा आपल्याच शहरातली घ्यावी, रात्री स्वतःच्या अंथरुणावर झोपायला मिळतं. बाहेरगावी प्रवेश फीपेक्षा लॉज आणि जेवणाचा खर्च जास्त होतो, आणि बक्षिसातून तो निघेल असं धरून चालणारा माणूस चौथ्या फेरीतच घाबरून खेळायला लागतो. मुदतीनंतर नाव दिलं तर बऱ्याच ठिकाणी जादा फी लागते, तेव्हा रजा मंजूर झाली की त्याच दिवशी नाव भरा.

पाच दिवस निघतच नसतील (तान्हं बाळ, आजारी आईवडील, मार्चअखेर) तर रविवारची रॅपिड स्पर्धा आहे. 15 मिनिटं आणि खेळीला 10 सेकंद, आठ-नऊ फेऱ्या, संध्याकाळी घरी. तिचं रेटिंग वेगळं असतं, त्यामुळे क्लासिकलचा आकडा हलत नाही.

फोनबद्दल सविस्तर सांगतो, कारण नोकरदाराचे सगळ्यात फुकट जाणारे गुण इथेच जातात. खेळण्याच्या जागेत पंचांच्या परवानगीशिवाय फोन जवळ बाळगला तर डाव जातो. स्मार्ट घड्याळालाही तोच नियम. काही स्पर्धांत फोन पूर्ण बंद करून पिशवीत ठेवू देतात, काहींत बाहेर जमा करावा लागतो. आणि काही फोन बंद असले तरी गजर वाजवतात, तेव्हा आदल्या रात्रीच सगळे गजर काढून टाका. चार तास तुम्ही कुणालाही सापडणार नाही, हे घरी आणि ऑफिसात आधी सांगितलेलं असावं. आयोजकाचा नंबर घरच्यांकडे द्या, ऑफिसची कामं एका सहकाऱ्याकडे लिहून सोपवा. ज्याला केव्हाही फोन येऊ शकतो अशी ड्यूटी त्या आठवड्यात असेल, त्याने नाव देऊच नये. नाहीतर विसाव्या खेळीनंतर लक्ष घोड्यावर कमी आणि पिशवीवर जास्त राहतं.

आता अभ्यास. आठवड्याला पाच तास पुरतात. चार सकाळी अर्धा-अर्धा तास टॅक्टिक्स (सोंगटी जिंकून देणाऱ्या किंवा मात करणाऱ्या युक्त्या): पट मांडून किंवा पुस्तकातून, पूर्ण उत्तर मनात दिसल्याशिवाय सोंगट्यांना हात न लावता. एक तास एंडगेम (थोड्याच सोंगट्या उरलेला डावाचा शेवट). रविवारी दोन तास स्वतःचा एक डाव, आणि त्यातला पहिला तास इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद. कुठे काय वाटलं, कोणती खेळी दिसलीच नाही, हे आधी स्वतः लिहायचं. मग इंजिन लावून चुकीपुढे कारण लिहायचं: टॅक्टिक दिसलं नाही, वेळ संपला, की काय करायचं तेच कळलं नाही. दहा डावांनंतर वहीत एकच कारण वारंवार दिसायला लागतं. पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास तेवढाच.

ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांच्या) बाबतीत माझं मत जरा कडक आहे. नोकरदाराने ओपनिंग निवडताना ती किती चांगली यापेक्षा ती लक्षात ठेवायला किती खर्च येतो ते बघावं. नायडॉर्फ किंवा ग्रुनफेल्ड सुंदर आहेत, पण दोन महिने हात लावला नाही की एका विसरलेल्या खेळीत डाव संपतो. राजापुढच्या प्याद्याच्या सुरुवातीला कॅरो-कान, वजिरापुढच्याला नकारलेला क्वीन्स गॅम्बिट, पांढऱ्याकडून लंडनसारखी एक व्यवस्था: इतक्यावर 1800 पर्यंत काही अडत नाही. वाचलेला वेळ हत्तींच्या एंडगेमला द्या. फिलिडोरच्या स्थितीत (समोर हत्ती आणि प्यादं, आपल्याकडे नुसता हत्ती) बचाव करणाऱ्याचा हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या आडव्या रांगेत थांबतो. समोरचं प्यादं त्या रांगेत आलं की तो लांब मागे जाऊन शह देत राहतो. एवढं पक्कं असलं तर चार तासांनंतर थकलेल्या डोक्यानेही बरोबरीचा अर्धा गुण वाचतो.

रात्री साडेअकराला तीन-तीन मिनिटांचे ऑनलाइन डाव मात्र अभ्यासात धरू नका. त्यात पहिली सुचलेली खेळी खेळायची सवय लागते, आणि क्लासिकलमध्ये तीच मोडायची असते. ऑनलाइन खेळायचंच तर 15 मिनिटं आणि 10 सेकंदांचे दोन डाव, तेही जेवणाआधी.

स्पर्धेत खेळ्या लिहायच्या कागदावर दर पाच खेळ्यांनी घड्याळातली उरलेली मिनिटं लिहा. पंधराव्या खेळीला 70 आणि तिसाव्या खेळीला 30 मिनिटं हातात असावीत, असा साधा दंडक. 30 सेकंदांची वाढ असल्याने वेळ कितीही कमी उरला तरी खेळ्या लिहिणं थांबवता येत नाही, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्या लिहिण्यातच निम्मे सेकंद जातात. लहान मुलांशी खेळताना हे जास्त जपा. ती भरभर खेळतात, त्यांच्या वेगाला वेग लावू नका.

दोन फेऱ्यांच्या मध्ये भरपेट थाळी टाळा. दहीभात, केळं, शेंगदाण्याची चिक्की पुरते. हरलेला डाव जेवताना उघडू नका, तो घरी गेल्यावर वहीत येणारच आहे. पेअरिंग (पुढच्या फेरीत कोण कुणाशी खेळणार त्याची यादी) लागल्यावर प्रतिस्पर्ध्याविरुद्धची तयारी वीस मिनिटं, बाकी वेळ आडवं पडा.

मुलगा किंवा मुलगी त्याच स्पर्धेत खेळणार असेल तर तिसरं माणूस बरोबर हवंच. मुलाचा डाव तासाभरात संपतो, तुमचा तीन तास चालू राहतो. तो बाहेर कुणापाशी थांबणार, हे ठरवल्याशिवाय दोघांची नावं देऊ नका.

स्पर्धा मध्येच सोडावी लागली तर पुढची पेअरिंग लागायच्या आत पंचांना लेखी कळवा. न खेळलेला डाव रेटिंगला धरत नाहीत, त्यामुळे तुमचं नुकसान फक्त स्पर्धेतल्या गुणांचं. पण पटावर बसलात आणि गाडी चुकेल म्हणून वीस खेळ्यांनी हार मानलीत, तर तो डाव पूर्ण मोजला जातो. परतीचं तिकीट शेवटच्या फेरीच्या वेळेत पाच तास मिळवूनच काढा. बक्षीस समारंभ त्यानंतर, आणि तो वेळेवर सुरू झालेला सहसा कुणी पाहिलेला नाही.