निवळशंख पाणी, मासा एकही नाही

आम्लपाऊस अंगावर घेतला तर काहीच कळत नाही. झोंबत नाही, रंग नसतो. स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आम्लधर्मीच असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू (pH, आम्लता मोजायचा आकडा) 5.6च्या आसपास येतो. मात्र सामू एकने उतरला की आम्लता दहापट होते, हे आकडे वाचताना विसरायचं नाही.

हिशेब करून पाहा. एक टन कोळशात 1 टक्का गंधक धरलं तर ते झालं 10 किलो. जळून त्याचा 20 किलो सल्फर डायऑक्साइड होतो आणि ढगाच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन यांच्यामुळे त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं, 30 किलोंहून थोडं जास्तच. ते मारायला साधारण 31 किलो चुनखडी लागते. चिमणीत जाण्याआधीच धुरावर चुनखडी पाण्यात दाट कालवून फवारली तर काम तिथल्या तिथे होतं, वर जिप्सम मिळतं. पण जुना उपाय वेगळाच होता: चिमणी उंच करा. कॅनडात सडबरीला 381 मीटरची चिमणी उभी राहिली. गावची हवा सुधारली, आम्ल मात्र वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर दूर गेलं. नायट्रिक आम्लाची गोष्ट जरा निराळी. भट्टीच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळतो, त्यामुळे इंधन कितीही शुद्ध असलं तरी ते बनतंच.

ब्रिटन आणि मध्य युरोपातला धूर दक्षिण नॉर्वे-स्वीडनवर बरसला. तिथे खाली ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. आम्ल मारायला चुना जवळजवळ नाहीच. तिथल्या तळ्यांतले मासे मेले ते बहुतेकदा निव्वळ आम्लाने नव्हे, अॅल्युमिनियमने. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि कल्ल्यांवर बसतं. माशाचा श्वास अडतो, रक्तातले क्षार निघून जातात. हेच अॅल्युमिनियम पाण्यातला तपकिरी गढूळपणाही खाली बसवतं, म्हणून मेलेली तळी पाहायला सुरेख दिसतात. सगळ्यात वाईट वेळ वसंतातली: हिवाळाभर बर्फात साठलेलं आम्ल वितळण्याच्या पहिल्या काही दिवसांतच बरंचसं बाहेर पडतं, नेमकी पिल्लं नाजूक असताना.

तळ्यात चुनखडीची भुकटी टाकतात, दुर्गम ठिकाणी हेलिकॉप्टरने. पण तळ्यातलं पाणी बदललं की पुन्हा टाकावी लागते. शिवाय आम्लधर्मी ओढा चुना घातलेल्या पाण्याला जिथे मिळतो, तिथे अॅल्युमिनियम रूप बदलत असतं आणि तेवढ्या पट्ट्यात ते जास्तच घातक ठरतं.

आपल्याकडे हवेतली धूळ बरंच आम्ल मारते, कारण तिच्यात कॅल्शियम असतं. देशावरची काळी, चुनखडीची माती उरलेलं पचवते. कोकण-गोव्याच्या जांभ्यात मात्र कॅल्शियम पावसाने केव्हाच धुऊन नेलेलं असतं.

म्हणूनच पहिल्या वळवाचा सामू मोजून निश्चिंत होऊ नये. त्यात धूळ उतरलेली असते. संततधार लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं पाणी घ्या. डिस्टिल्ड पाण्याने धुतलेलं प्लास्टिकचं भांडं जमिनीपासून मीटरभर वर, झाडापासून लांब ठेवा आणि पाऊस सुरू झाल्यावरच उघडा. सामू मोजायचा मीटर 4 आणि 7 सामूच्या द्रावणांवर जुळवून घ्या. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे आकडा बराच वेळ सरकत राहतो, स्थिरावेपर्यंत थांबा. लिटमसचा इथे काही उपयोग नाही.