'रेंट आउट' आणि आपले सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि इंग्रजीचे सरच डोळ्यांपुढे उभे राहिले. गॅदरिंग, सहली, प्रयोगशाळा यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार.

नववीत धड्यात 'रेंट आउट' आलं. आपल्याकडे भाड्याने देणं वेगळं, घेणं वेगळं. इंग्रजीत नुसतं 'रेंट' दोन्हींकडे चालतं, मग मालक कोण हे कळायचं कसं? सरांनी खडू खाली ठेवला आणि खिडकीतून फाटकासमोरचं सायकलचं दुकान दाखवलं. "तुम्ही तासावर सायकल घेता, ते 'रेंट'. दुकानदार देतो, ते 'रेंट आउट'. सायकल त्याच्या दुकानाबाहेर जाते ना?" मग तीन मुलं पुढे बोलावली. एक 'रेंट', एक 'आउट' आणि वर्गातला सगळ्यात बुटका 'इट'. त्याला खांद्याला धरून दोघांच्या मध्ये उभं केलं. "'रूम' हा शब्द या दोघांच्या मध्ये घाला नाहीतर शेवटी, दोन्ही बरोबर. 'इट' मात्र मध्येच. रेंट इट आउट!" इंग्लंडात याच अर्थी 'लेट' जास्त, आपल्या 'टू लेट'च्या पाट्या त्याच वळणाच्या. आणि शिंप्याने 'लेट आउट' केलं तर कपडा उसवून सैल केला, हेही जाता जाता.

आज पुण्यात मी भाडेकरार करून देतो. 11 महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार रोज हाताखालून जातात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर. देणारा कोण, घेणारा कोण, यात गफलत चालतच नाही. कुणी मेलवर नुसतं 'आय हॅव रेंटेड अ फ्लॅट' लिहिलं की मी आधी फोन करतो, दिलाय की घेतलाय? ही सवय सरांचीच देणगी.

आता ते सायकलचं दुकान नाही. माझी भाची असली क्रियापदं अर्थासकट यादीने पाठ करते, एका मार्कासाठी गाळलेली जागा भरते आणि विसरून जाते. फार वाईट वाटतं. सरांच्या नावाने नववीसाठी इंग्रजीचं पारितोषिक शाळेने याच वर्षी सुरू करावं, त्याची रक्कम मी देईन.